हलका हात

४ मार्च

मावशी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून लगेच घाबरू नकोस. घाबरायचंच असेल तर दोन-चार ओळी पुढे जाऊन घाबर. आमच्याकडे एका खोलीत फोन वाजला की दुसऱ्या खोलीतला टीव्ही आपोआप बारीक होतो, हे तुला माहीत आहे. म्हणून दुकानात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर कुणाच्या तरी चष्म्याची दोन भिंगं अर्धवट घासून ठेवलीत. बाईसाहेब संध्याकाळी न्यायला येणार आहेत आणि त्यांना बहुधा एका डोळ्याने तिरकं दिसणार आहे, कारण माझं लक्ष नाही.

पाचवा महिना लागला. सगळ्याच गरोदर बायकांचं रक्त तपासतात तसं माझंही तपासलं. परवा पुन्हा बोलावलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असेल. तिने उठून आधी दार लावून घेतलं. म्हणाली, "तुमच्या रक्तात हेपटायटिस सी सापडलाय." लिव्हरला धरणारा विषाणू आहे म्हणे. मी म्हटलं, "अहो, पण मला काहीच होत नाही." ती म्हणाली, "खूप जणांना वीस-वीस वर्षं काहीच होत नाही. तोवर तो आत आपलं काम करत बसतो." रक्तातूनच येतो. ताटातून, पेल्यातून, जवळ बसल्याने येत नाही. अजून एक तपासणी केली आहे. तो आत्ता जागा आहे की नुसत्या खुणा उरल्यात, ते त्यातून कळेल.

बाळाबद्दल विचारलं. शंभरातल्या पाच-सहा बाळांना जातो म्हणाली. कमी आहे, नाही? मीही घरी येईपर्यंत कमीच आहे म्हणत होते. आता बाळ हललं की मी आधी खूश होते आणि लगेच मनातल्या मनात त्याची माफी मागते.

मुख्य विचारायचं राहिलंच. तिने विचारलं, घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का? मी सांगितलं, आई त्यानेच गेली. "दारू घ्यायच्या?" मी नाही म्हटलं. पण मावशी, नाही म्हणायच्या आधी मी थांबले. एक क्षणच, पण थांबले. बाबा तेव्हा घरभर बाटल्या शोधत फिरायचे ते डोळ्यांपुढे आलं. दवाखान्यात तूच आईबरोबर असायचीस. तिला नक्की काय झालं होतं?

हल्ली दुकानातल्या आरशात मला आईच दिसते. शेवटच्या दिवसांतली, पिवळी.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी चिंगी


१५ मार्च

चिंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी एक कर, वेळेवर जेव आणि जड काही उचलू नकोस. मी तीस वर्षं दवाखान्यात काढली आहेत, तेव्हा माझं ऐक. लॅबवाले नमुन्यांची अदलाबदल करतात, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुसरा रिपोर्ट येऊ दे.

आणि समजा निघालंच, तर कुठून आलं ते मला वाटतं मी सांगू शकते. कॉलेजच्या सहलीत तू मनगटावर तो मासा गोंदवून घेतला होतास. ताई किती चिडली होती! तसल्या ठिकाणी एकच सुई दहा जणांना टोचतात. तेव्हा मी काही बोलले नाही, पण माझ्या मनात तेव्हाच आलं होतं. आमच्या दवाखान्यात सगळं उकळून घ्यायचे, तशी शिस्त या लोकांकडे कुठून असणार?

ताईची कावीळ जुनी होती, ती लिव्हरवर गेली. आणखी काय सांगू? गेलेल्या माणसाचं उकरून काढू नये, त्यातून तू दोन जिवांची.

स्वेटर विणायला घेतलाय. पिवळी लोकर आणली होती, ती परत केली. पांढरा विणतेय.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

दुसरा रिपोर्ट आला. तो जागा आहे. नमुना माझाच होता.

तुझं पत्र मी ह्याला दाखवलं, आपली बाजू मांडायला बरं म्हणून. त्याने भोळेपणाने ते त्याच्या आईला सांगितलं. झालं! आता सासूबाईंच्या बोलण्यात तो मासा रोज पोहतो. "सहलीला गेलेली मुलगी सुई टोचून घेते, आणखी काय काय करून आली असेल कोण जाणे." माझं ताट-वाटी-पेला वेगळं काढलंय, मोरीजवळच्या फळीवर. डॉक्टरीणबाईंनी ह्याला बोलावून समजावलं, त्याचंही रक्त तपासलं. तो स्वच्छ निघाला. मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल. तर घरी येताना बसमध्ये विचारतो, "आपल्या आधी कोणी होतं का? मी रागावणार नाही." मी पुढचा स्टॉप येताच उतरले आणि चालत आले. तासभर. पायांना सूज आली.

दुकानात परवा भिंगाची कड बोटात घुसली. रोजचीच गोष्ट आहे, आम्ही चिंधी गुंडाळतो आणि कामाला लागतो. पण त्या दिवशी रक्ताचा एक थेंब टेबलावर पडला आणि मी ओरडले, "हात लावू नका!" सगळे बघत राहिले. मालकीणबाई पुसायला फडकं घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या. शेवटी मी स्वतः ब्लीच टाकून पुसलं, तीनदा. मग त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हातमोजे आणते. आणि खुर्ची बदल, ही डुगडुगते." त्या मोरीजवळच्या फळीनंतर मला पहिल्यांदा तिथे रडू आलं.

आता जे विचारतेय त्याचं सरळ उत्तर दे. डॉक्टरीणबाई म्हणाली, टॅटू असू शकतो, पण तुमच्या लिव्हरची अवस्था बघता हे खूप जुनं वाटतंय, कदाचित लहानपणचं. लहानपणी इंजेक्शनं घेतली होती का? मला तापाचं अंधुक आठवतं. बाकावर पाय हलवत बसलेली मी, आणि तू "तिकडे चिमणी बघ" म्हणायचीस. चिमणी कधीच नसायची.

शिवाय माझ्या लक्षात आलं, मी पहिल्या पत्रात सुयांबद्दल काही विचारलंच नव्हतं. तू मात्र तुमच्याकडे सगळं उकळायचे म्हणून सांगितलंस. का?

चिंगी


३ मे

मावशी,

महिना झाला. पत्र नाही, फोन उचलत नाहीस. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तिचं काही खरं नाही. भर दुपारी लोकांच्या दारापुढे जाऊन उभी राहते आणि बेल न वाजवता परत येते. इस्त्रीवाल्याकडे तीनदा. डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक."

तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते.

चिंगी


१२ मे

चिंगे,

हे पत्र बसून वाच. जवळ पाणी ठेव.

आमच्या दवाखान्यात काचेच्या तीन सिरिंजा होत्या. स्टोव्हवर पत्र्याचं भांडं, त्यात सुया आणि सिरिंजा वीस मिनिटं खळखळ उकळायच्या, हा नियम. एरवी मी तो पाळायचे. पण तापाची साथ आली की बाहेर चाळीस-चाळीस पोरं रडत असायची, आणि डॉक्टर आतून ओरडायचे, "आटपा हो बाई!" मग वीसची दहा मिनिटं झाली, दहाची पाच. मग नुसती सुई बदलायची, सिरिंज तीच. मग सुयाही पुरेनात, तेव्हा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची आणि पुढचा दंड. या विषाणूचं नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. हेच मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवलं. पण उकळायचं असतं, हे माहीत होतं ना? ते तर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

तू सहा वर्षांची होतीस. त्या साथीत तुला अकरा इंजेक्शनं दिली. अकराही मीच.

ताईचं त्याच्याही आधीचं. तू झाल्यावर ती पार खंगली होती. डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली, तीन महिने, आठवड्यातून दोनदा. दवाखाना बंद करून मी परस्पर तुमच्याकडे यायचे, सिरिंज रुमालात गुंडाळून. दिवसभराची वापरलेली. स्टोव्ह तोवर विझवलेला असायचा आणि मला घरी जायची घाई असायची. ताई बाही वर करून म्हणायची, "तुझा हात हलका आहे गं, कळतसुद्धा नाही." सगळे तसंच म्हणायचे. गावात मला सुईबाई म्हणायचे ते कौतुकाने. लांबून लोक यायचे, मोठ्या डॉक्टरकडून नको, सुईबाईकडून द्या म्हणून.

अजून संपलं नाही. ताई शेवटी मोठ्या दवाखान्यात होती तेव्हा तिथल्या डॉक्टरने मला व्हरांड्यात गाठलं. तुम्ही या कामातल्या म्हणून तुम्हाला सांगतो म्हणाला. "हा सी आहे. रक्तातून आलाय. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या." कागद माझ्या हातात दिला. चिंगे, मला तिथेच उभ्या उभ्या तो रुमाल आठवला. भाऊजी बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "लिव्हर खराब झालंय." एवढंच. कागद मी फाडून टाकला. ते बाटल्या शोधत होते ते मला दिसत होतं. दारू नाही हे सांगायचं, तर मग काय आहे हेही सांगावं लागलं असतं.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा बोलले असते तर तुझं रक्त तेव्हाच तपासलं असतं, गोळ्या घेऊन तू मोकळी झाली असतीस, आणि आज हे पोटातलं बाळ निर्धास्त असतं. वर मी तुझ्या मनगटावरचा मासा पुढे केला. तुझं घर त्यावर पेटेल हे मला कळायला हवं होतं. बहुधा कळलंही असेल.

मला लोकांची तोंडं आठवत नाहीत आता, दंड आठवतात. बसच्या रांगेत उभी असते आणि पुढच्या माणसाचा डावा दंड ओळखीचा वाटतो. दूध तापायला ठेवलं की वरचं झाकण थडथडतं आणि मला बाहेर पोरं रडताना ऐकू येतात. चांगल्या लख्ख उजेडात. मी गॅस बंद करते, तरी ती थोडा वेळ रडतच राहतात.

दारापुढे जाते ते सांगायलाच जाते. बोट बेलपर्यंत जातं आणि खाली येतं.

क्षमा कर असं लिहिणार होते. तो कागद टाकून दिला.

मावशी


२० जुलै

मावशी,

तुमच्याशी पत्रातून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी झाली. परवा सकाळी. दोघी ठीक आहेत. वजन चांगलं आहे, आवाज त्याहून चांगला आहे.

तुमचं मे महिन्यातलं पत्र हिने मला वाचायला दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मोरीजवळची फळी रिकामी होती. बसमध्ये मी हिला जे विचारलं त्याबद्दल मी माफी मागितली आहे. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तुमच्याबद्दल ती काहीच बोलत नाही. तुम्ही यायचं म्हणाल, पण एवढ्यात येऊ नका, अशी विनंती आहे. तुमचा स्वेटर आला. तिने तो उघडला, घडी घातली आणि वरच्या कप्प्यात ठेवला. टाकून दिला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

तुमचा जावई


२४ सप्टेंबर

चिंगे,

उत्तराची वाट बघत नाही. फक्त काय झालं ते तुला कळवते.

बेल वाजवली. पहिली इस्त्रीवाल्याची. त्याने सगळं ऐकून घेतलं, इस्त्री बाजूला उभी केली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नसतात तर मी त्या तापात गेलो असतो." मी म्हटलं, तरी रक्त तपास. शाळेतले मास्तर म्हणाले, "सत्तर वर्षांच्या माणसाला हे आता कशाला सांगता?" एका घरात सुनेने मला ढकलून बाहेर काढलं. पायरीवरून पडले, फार लागलं नाही. तिचं बरोबर होतं. एकोणीस घरं झाली आतापर्यंत. अकरा जणांनी रक्त दिलं. चौघांना निघालं.

चौथी शिंप्याची मुलगी. तुझ्याच वर्गात होती, दोन वेण्यांची. तिला तिसरा महिना चालू आहे. रिपोर्ट हातात घेऊन ती माझ्या पायरीवर येऊन बसली. मला वाटलं आता ही ओरडेल. तिने विचारलं, "बाळाला?" मी तुझ्या पत्रातले आकडे सांगितले, तुझ्याच शब्दांत. ताटवाट्या वेगळ्या करायची गरज नाही हेही सांगितलं. तिच्या सासूला समोर बसवून सांगितलं. गोळ्या बाळंतपणानंतर घ्यायच्या आणि त्याने बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात, हे तिच्या नवऱ्याला कागदावर लिहून दिलं.

माझंही रक्त तपासलं. एवढ्या वर्षांत किती सुया माझ्याच बोटात घुसल्या असतील! मी रिपोर्ट आणायला गेले तेव्हा मला खात्री होती. खरं सांगू, आशा होती. निदान रांगेत तुमच्याबरोबर उभी राहीन.

मला काहीही नाही. मी लॅबमधल्या मुलीला दोनदा विचारलं, नीट बघ, मशीन चुकलं असेल. ती हसून म्हणाली, "आजी, लोक हे ऐकून पेढे वाटतात."

मावशी


९ जानेवारी

मावशी,

बाळाचं रक्त तपासलं. तिला नाही. दीड वर्षाची झाली की एकदा खात्रीसाठी पुन्हा बघतील, पण डॉक्टरीणबाई म्हणाली, आता झोपा. मी त्या दिवशी चक्क दुपारी बारा ते पाच झोपले. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आवाज नको" म्हणत होत्या.

हे सहा महिने तुला सांगते. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त चीर पडून रक्त आलं तर थांबायचं, असं मला सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी आधी उजेडात बघायचे. दुकानातलं मोठं भिंग घेऊन. पोर भुकेने आकांत करतेय आणि आई भिंग लावून स्वतःला तपासतेय. नखं कापायला घाबरायचे, तिची नाही, माझी. आणि पाजताना कधी कधी वाटायचं की खोलीत आई बसलीय, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, बाही वर करून. नुसती कुणाची तरी वाट बघतेय.

पाजणं थांबवलं की माझ्या गोळ्या सुरू. बारा आठवडे.

मी तुला माफ केलेलं नाही. रागवायला वेळ मिळत नाही, इतकंच. शिंप्याच्या मुलीचा फोन आला होता. तू तिच्या प्रत्येक तपासणीला बरोबर जातेस म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचाच राग आला.

तू एकोणीस घरं झाली म्हणतेस. त्यात एक घर नाही. तुझ्यापासून चार घरं सोडून आहे. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, ह्यालाही सांगू दिलं नाही. ते तूच सांगायचंस. आईबद्दल त्यांच्या मनात जे आहे ते घेऊन त्यांनी म्हातारं होऊ नये. ते झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

चिंगी


२ फेब्रुवारी

चिंगे,

सांगितलं. काल दुपारी.

भाऊजी खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. सिरिंजा, रुमाल, व्हरांडा, फाडलेला कागद, तू, बाळ. ते नखं कापत राहिले. दोन्ही हातांची झाली, मग कागदाची पुडी केली.

मग म्हणाले, "दारू नव्हती."

मी म्हटलं, "एक थेंब नव्हती, भाऊजी."

"मी तिच्या औषधाच्या बाटल्यासुद्धा हुंगायचो. एकदा तिने बघितलं. माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं आणि म्हणाली, हे कडू आहे, तुम्ही नका घेऊ." पुडी खिडकीत ठेवली. "तिला कळलं होतं का, मी काय शोधतोय?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सवयीने ते जिभेवर आलंही होतं.

"हो. तिने मला सांगितलं होतं."

"आणि तरी तू..." त्यांनी दाराकडे हात केला. "जा."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत पोचले तर मागून हाक आली. मला नावाने हाक मारली त्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे होते, चौकट धरून.

"काय म्हणाली होती ती? नेमके शब्द सांग."

मी सांगितले. ताई म्हणाली होती, "असू दे गं. शोधून शोधून दमतील, मग येऊन बसतील माझ्याजवळ."

चिंगे, ते तिथेच उंबऱ्यावर खाली बसले. मी फाटकात उभी. ना त्यांनी मला आत बोलावलं, ना जा म्हटलं. शेजारची बाई कपडे वाळत घालून गेली, वाळलेले काढून गेली, तरी आम्ही तसेच. मग ते उठले आणि आतून बॅग ओढल्याचा आवाज आला.

गुरुवारच्या गाडीने ते तुझ्याकडे येताहेत. मला बरोबर येतेस का असं त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आल्या आल्या त्यांना काही विचारू नकोस. मुलीला त्यांच्या मांडीवर दे आणि तू थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जा.

मावशी